कीगनांचा विस्तव

चिमटा राखेत खुपसला तेव्हाच डेलियाला कळलं होतं. तरी तिने उकरून पाहिलं. वरची राख बाजूला सारली, खालची सारली, मागच्या दगडाला चिकटलेलीही खरवडली. मग चिमटा टाकून सरळ हातच घातला. राख गार होती. पिठाच्या डब्यात हात घालावा तशी गार.

"झालं," ती म्हणाली. ऐकायला घरात कोणी नव्हतं. बार्टली नोव्हेंबरात गेला होता, त्याची खुर्ची चुलीकडे तोंड करून तशीच होती आणि खुर्चीच्या पाठीवर त्याची टोपीही तशीच होती. आपल्या थोरल्या भावाच्या टोपीसमोर उभं राहून डेलियाला शाळेत चुकल्यावर वाटायचं तसं वाटलं.

कीगनांच्या चुलीतला विस्तव कधी विझला नव्हता. कधीपासून, ते विचारायचं नसे. आजोबांना तो त्यांच्या आजोबांकडून मिळाला होता, आणि दुष्काळात घरात शिजवायला काही नव्हतं तेव्हाही विस्तव होता, एवढं ती लहानपणापासून ऐकत आली होती. रोज रात्री निखारे राखेखाली झाकायचे, राखेवर क्रॉस काढायचा, विस्तव राखणाऱ्या संत ब्रिजिडचं नाव घ्यायचं. सकाळी राख सारून वर टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून काढलेल्या जळाऊ मातीच्या, दोन वाळक्या विटा रचायच्या आणि फुंकर घालायची. बार्टली लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडला नाही. पण या विस्तवाचं त्याने जन्मभर तान्ह्या पोरासारखं केलं. जत्रेला गेला तरी संध्याकाळच्या आत परत यायचा, आणि पोरी नाच सोडून जाणाऱ्या माणसाशी लग्न करत नाहीत, असं डेलियाची नणंद फिलोमीना म्हणायची ते काही खोटं नव्हतं.

तो गेल्यापासून डेलिया दोन शेतं ओलांडून सकाळ-संध्याकाळ इथे यायची. घरी सांगायची, "बार्टलीच्या कोंबड्यांना दाणे टाकून येते." कोंबड्या बार्टली असतानाच कोल्ह्याने नेल्या होत्या. हे तिच्या नवऱ्याला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आणि दोघंही "जा हो" म्हणायचे.

काल मात्र सकाळी विस्तव फुलवून गेलेली ती संध्याकाळी आलीच नाही. नातवाचा बाप्तिस्मा रविवारी, म्हणजे आज. अख्खा दिवस हॅम उकडण्यात आणि ब्रेड भाजण्यात गेला. संध्याकाळी अॅथलोनहून नणंदबाई उतरल्या, आणि उतरल्या त्या पोराच्या नावावरून भांडत. त्या गोंधळात विस्तव झाकायचा राहून गेला. उघडा राहिला आणि रातोरात जळून संपला. एवढी वर्षं टिकलेली वस्तू, आणि गेली कशापायी, तर हॅमपायी.

चुलीवरच्या फळीवर काड्यापेटी होती. एक काडी ओढली असती तर काम झालं असतं. विस्तव विस्तवासारखाच दिसतो, कोण ओळखणार होतं? डेलियाने पेटी हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि परत ठेवून दिली.

बरं, दिवस तरी कुठला निवडावा. मेचा पहिला. आजच्या दिवशी कोणी कुणाला विस्तव देत नाही, मीठ देत नाही, दुधाचा थेंब देत नाही. दिला की घरातली वर्षभराची बरकत त्याच्यामागून चालती होते. आणि आई काय म्हणायची तेही डेलियाच्या डोक्यातून जाईना. मेच्या पहिल्या दिवशी सूर्य मावळताना ज्या घराची चूल गार असते, त्या घराकडे माणसं परत वळत नाहीत. एरवी डेलिया असल्या गोष्टींवर हसायची. आज तिला हसू येत नव्हतं.

बाहेर पडली तर कुंपणाशी शेजारचा पॅकी हॅन्ली उभा. पॅकीला गुरांपेक्षा दुसऱ्यांच्या धुराड्यांची काळजी जास्त.

"आज धूर दिसला नाही, डेलिया."

"टर्फ ओली आहे."

"हां. मला वाटलं, बंद केलंस की काय. परवा त्या गुरांच्या डॉक्टरला रस्ता सांगत होतो, म्हटलं, ते कीगनांचं घर. मग म्हटलं, अरे, कीगनांचं होतं."

"चर्चला ये वेळेवर," डेलिया म्हणाली आणि दवाने भिजलेल्या गवतातून तरातरा निघाली. होतं, म्हणे. पॅकीचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

* * *

"नाव म्हणजे नाव आणि आडनाव म्हणजे आडनाव," फिलोमीना टोस्टला लोणी फासत म्हणत होती. ती डेलियाच्या नवऱ्याची, ल्यूकची, थोरली बहीण. सारा जन्म इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेला, त्यामुळे स्वयंपाकघरातसुद्धा ती वॉर्डात आल्यासारखी बोलायची. "कीगन फॅलन. शाळेत मास्तर हजेरी घेईल तेव्हा दोन पोरं उभी राहतील."

ल्यूक चहा पीत होता. ल्यूक फॅलन हा माणूस चहा पिताना बोलत नसे, आणि बहुतेक वेळ चहा पीत असे.

"अमेरिकेत ठेवतात म्हणे असली नावं. ठेवोत बापडे. तिथे लोक कुत्र्याला माणसाचं नाव देतात. आपल्या घरात ल्यूक, मग डेक्लन, मग ल्यूक, मग डेक्लन. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो. नियम आहे. आणि डेलिया, तू कुठे होतीस इतका वेळ? बुटांना सगळा चिखल."

"कोंबड्यांना दाणे टाकत होते."

ल्यूकने कपावरून बायकोकडे पाहिलं. तिच्या हाताला कोपरापर्यंत राख लागली होती. त्याने कप खाली ठेवला.

डेलियाने नळाखाली हात धुतले. कालपासून गंमत अशी झाली होती, की लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नणंद आणि भावजय एका बाजूला होत्या. कीगन नाव नको, असं फिलोमीना म्हणाली आणि डेलियाही म्हणाली. डेलियाच्या माहेरचं आडनाव. ते नाव सुचवणारी सून समोर नुसती बघत राहिली होती. तिला वाटलं होतं, सासूबाई आनंदाने रडतील.

दारात गाडी थांबली आणि डेक्लन आत आला. त्याच्या मागून ओर्ला बाळाला घेऊन आली. बाळाने फॅलनांचा पिढीजात पांढरा झगा घातला होता. झगा लांब होता आणि बाळ आखूड, त्यामुळे ओर्लाच्या हातावरून तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

"आई," डेक्लन बसायच्या आधीच म्हणाला, "शेवटचं विचारतोय. बारा वाजता फादर गिलूली विचारणार, नाव काय. मी त्यांना 'घरात भांडण चालू आहे' असं नाव सांगू का?"

"ल्यूक सांग," डेलिया म्हणाली. "तुझ्या बाबांचं नाव आहे. सबंध हिवाळा बाजारात सांगत फिरलेत, लहान ल्यूक येतोय म्हणून."

"मी एकदाच बोललो," ल्यूक म्हणाला.

"पॅकी हॅन्लीला बोललास. ते सगळ्या तालुक्याला बोलल्यासारखंच आहे."

ओर्ला खुर्चीत बसली. डब्लिनची मुलगी, गावातल्या शाळेत शिकवायची. गोड बोलायची, पण विचारलेला प्रश्न सोडायची नाही. "आई, बाबांचं कारण मला पटतं. पण ते तुमचं कारण नाहीये. तुमचं सांगा ना."

"माझं कशाला हवंय?"

"कारण नाव तुमचं आहे."

डेलिया नळाशी पाठमोरी उभी होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूत राहिली. मग वळली.

"ऐकायचंय ना? ऐक. जोवर घरात माणसं असतात तोवर कोणी आडनाव उचलून पाळण्यात घालत नाही. गरजच पडत नाही. सगळं संपलं, की मग कुणालातरी दया येते आणि ते पोराला चिकटवतात, आठवण म्हणून. बार्टलीच्या थडग्यावर कोरलंय ते नाव, तिथे छान दिसतं. मला या पोराला जेवायला हाक मारताना रोज रडायचं नाही."

फिलोमीनाची सुरी लोण्यात अडकून राहिली.

"पण ते नाव आधी पोराचंच होतं," ओर्ला हळूच म्हणाली. "मला बार्टलीमामांनी सांगितलं."

"बार्टलीने? तो एका जत्रेपासून दुसऱ्या जत्रेपर्यंत चार शब्द बोलायचा."

"मग ते चारही शब्द माझ्याशीच बोलले. बादली घेऊन आले होते त्या दिवशी."

"कुठली बादली?"

ओर्लाने नवऱ्याकडे पाहिलं. "तू सांगितलं नाहीस?"

"मला काय माहीत, सांगायचं असतं म्हणून," डेक्लन म्हणाला. "म्हाताऱ्याने विस्तव आणून दिला, आम्ही घेतला."

मग ओर्लाने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याकडचा नवा बंगला बांधून झाला आणि ती दोघं राहायला गेली, तेव्हा डेलिया पित्ताच्या खड्यांसाठी इस्पितळात होती. संध्याकाळी बार्टलीमामा शेतातून चालत आले, हातात लोखंडी बादली, बादलीतून धूर. म्हणाले, नव्या घरात जुन्या घरचा विस्तव लागतो. खरं तर तो सासऱ्याच्या घरून यायला हवा, पण ल्यूकने तेलाचा बॉयलर बसवलाय, आता काय त्याने बादलीतून तेल आणावं? त्यांनी स्वतः शेगडी पेटवली, आणि ती नीट धरेपर्यंत टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"मी सहज विचारलं, कीगन म्हणजे काय हो मामा? तर म्हणाले, हे बघ, तुझ्यासमोर जळतंय तेच. जुन्या आयरिशमध्ये 'एह' म्हणजे अग्नी. माणसाचं नाव असायचं ते. त्याचं लाडकं रूप एगान, म्हणजे इवलासा अग्नी. त्याच्या मुलाबाळांना लोक मॅक एगान म्हणायला लागले, एगानची पोरं. पुढे बोलता बोलता त्याचं कीगन झालं. म्हणजे आडनाव व्हायच्या कितीतरी आधी कुणीतरी पाळण्यात डोकावलं, आई, तिथे काहीतरी लाल लाल, वळवळणारं दिसलं, आणि ती बाई म्हणाली, बघा माझा इवलासा विस्तव. तिथून सगळं सुरू झालं. थडग्यावरून नाही."

"आणि सरदारांचे न्यायाधीश होते म्हणे हे कीगन," फिलोमीना म्हणाली. तिला हे सगळं आवडलं होतं म्हणून तिचा आवाज आणखी कोरडा झाला. "बार्टलीला दोन कालवडींमधली बरी कुठली, ते कधी ठरवता आलं नाही."

डेलियाने ते ऐकलंच नाही. "ओर्ला, त्या विस्तवाचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? आहे की. मामा म्हणाले, विझू देऊ नकोस. म्हणून नाही देत. रात्री राखेत झाकते. बाळंतपणात डेक्लनकडे सोपवला होता."

"रोज फोन करायची," डेक्लन म्हणाला. "बाळाचं सांग म्हटलं की म्हणायची, आधी शेगडीचं सांग."

डेलिया खाली बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपल्यामागे हे सगळं संपणार. डब्लिनची पोर, दुकानातल्या रॉकेलच्या पांढऱ्या ठोकळ्यांनी शेगडी पेटवत असेल, असं तिने धरून चाललं होतं. एकदाही त्या शेगडीचं दार उघडून पाहिलं नव्हतं. सुनेकडे बघताना तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

"माझ्याकडचा विझला," ती म्हणाली. "बार्टलीच्या घरचा. काल झाकायचा राहिला माझ्याकडून. सकाळी गेले तर नुसती राख."

ल्यूक जागेवरून अर्धवट उठला आणि परत बसला.

"मग चला की," ओर्ला म्हणाली. "आमच्याकडचा घेऊन जाऊ. आत्ताच. बादली कुठाय?"

"आज नाही," फिलोमीना आणि डेलिया एकदमच म्हणाल्या.

"का?"

"मेचा पहिला दिवस आहे," फिलोमीना म्हणाली. "त्यातून घरात बाप्तिस्मा न झालेलं पोर. अशा घरातून विस्तव बाहेर काढतात का कधी? इस्पितळात मी या गोष्टी कुणाला बोलून दाखवल्या नाहीत, पण बोलून दाखवत नाही म्हणून नियम बदलत नाहीत. उद्या न्या."

"उद्या उशीर झालेला असेल," डेलिया म्हणाली. "आई म्हणायची, आज सूर्य मावळताना..."

"माहितेय," फिलोमीनाने तिला थांबवलं. तिची आईही तेच म्हणायची. "माहितेय गं."

"असू दे. विझला तो विझला. या पोराच्या घरची बरकत घेऊन मी त्या रिकाम्या घरात चूल पेटवणार नाही. मेलेल्यांसाठी जिवंत माणसाचं कशाला न्यायचं?"

बाळाने तेवढ्यात झगा ओला केला, आणि सगळ्यांनाच उठायला निमित्त मिळालं.

ल्यूकने कप धुऊन पालथा घातला. "गाडी काढतो," म्हणाला आणि गेला. गाडी दारातच होती. थोड्या वेळाने मागच्या शेडमधून लोखंड आदळल्याचा आवाज आला, पण स्वयंपाकघरात झगा वाळवायची घाई चालली होती.

* * *

चर्चमध्ये डेलिया पहिल्या बाकावर बसली होती आणि तिचं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. सूर्य मावळायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि त्या वेळेत करण्यासारखं काहीच नव्हतं. तिला बार्टलीची टोपी दिसत होती.

पाण्याच्या दगडी कुंडाशी मंडळी उभी राहिली. फादर गिलूलींनी चष्मा पुसला. "तर या बाळाचं नाव काय ठेवताय?"

डेक्लनने ओर्लाकडे पाहिलं. ओर्लाने डेलियाकडे पाहिलं. डेलियाने खाली पाहिलं.

"कीगन," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ल्यूक बाकावरून उठून उभा होता, टोपी हातात.

"तुला विचारलं नाहीये," फिलोमीना कुजबुजली. तिची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"ल्यूक हे नाव माझं आहे, फिल. द्यायचं की नाही ते मी ठरवणार."

"कीगन," फादर गिलूली म्हणाले. "या नावाचा संत काही माझ्या ऐकिवात नाही."

"एह नावाचे आहेत, फादर," ओर्ला घाईने म्हणाली. "पुष्कळ आहेत."

"पुष्कळ आहेत ना? मग त्यांतला एखादा मोकळा असेल, तो बघेल याच्याकडे." आणि त्यांनी पाणी ओतलं. बाळाने असा काही सूर लावला की मागे पॅकी हॅन्ली झोपेतून जागा झाला.

डेलियाला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तिला वाटलं, ल्यूकने दया केली. राख लागलेले हात पाहिले आणि हिवाळाभर जपलेली एकुलती एक हौस देऊन टाकली. या माणसाने लग्नापासून तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता जे मागण्याजोगं होतं तेही सोडलं. तिला त्याचं इतकं वाईट वाटलं, की ती त्याच्याकडे बघेना.

बाहेर अंगणात फिलोमीनाने भावाला गाठलं. "हे काय होतं?"

"सांगतो. तू नियमांची माणूस आहेस, तूच मला सांग. आज विस्तव घराबाहेर का द्यायचा नाही?"

"बरकत दुसऱ्या घरी जाते म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"दुसऱ्या घरी."

"दुसऱ्या घरी."

"आणि त्याच माणसाच्या घरी गेला तर?"

फिलोमीनाने भुवया आक्रसल्या.

"बंगल्यात कोण राहतं?" ल्यूक म्हणाला. "कीगन राहतो. आत्ता तुझ्यादेखत त्याच्या डोक्यावर पाणी पडलंय, त्यामुळे बाप्तिस्म्याचाही प्रश्न मिटला. शेतापलीकडचं घर कुणाचं? कीगनांचं. कीगनच्या घरातून कीगनच्याच घरी. कुणी कुणाला काही दिलं का?"

ल्यूकने एका दमात इतकं बोललेलं त्याच्या बहिणीने त्याच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. ती टोपीची पिन चाचपत उभी राहिली. डेलिया तिच्याकडे बघत होती. फिलोमीनाने नाही म्हटलं असतं, तर डेलियाने विस्तव आणला नसता. हसण्यासारखं होतं, पण तसंच होतं.

"हे तुला केव्हा सुचलं?" फिलोमीनाने विचारलं.

"चहा पिताना."

"हं." तिने आणखी थोडा विचार केला. "बसतंय नियमात. पण पोराला बरोबर न्यायला हवं. मालकाच्या माघारी नेलात तर ती चोरी होते. आणि वाटेत कुणाच्या अंगणातून जायचं नाही."

"बघा," ओर्ला म्हणाली, "सरदारांच्या न्यायाधीशांना शोभेल असा निवाडा."

"तू गप गं. पोराचं डोकं झाक."

डेलिया ल्यूकजवळ गेली. तिने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. "पण तुझं नाव, ल्यूक?"

"माझं नाव मी अजून वापरतोय," तो म्हणाला. "माझं वापरून झालं की बघू."

"पुढच्याला ठेवू, बाबा," डेक्लन म्हणाला.

"आधी याला रात्री झोपायला शिकव," ओर्ला म्हणाली, "मग पुढच्याचं बोल."

* * *

पाहुणे जेवायला आले आणि पाहतात तर यजमान गायब. हॅम टेबलावर झाकून ठेवलेला, डेक्लन-ओर्लाच्या लग्नातल्या केकचा वरचा थर बाप्तिस्म्यासाठी जपून ठेवलेला तोही समोर, आणि फिलोमीनाची सक्त ताकीद की आम्ही येईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. लोक खिडकीशी जमा झाले.

बंगल्यातल्या शेगडीचं दार ओर्लाने उघडलं, तेव्हा डेलिया गुडघ्यांवर बसून आत बघत राहिली. निखारे गडद लाल होते. लहानपणी थंडीत कुशीवर वळून ती ज्यांच्याकडे बघत झोपायची, तेच. तिने ओर्लाचा हात धरून जोरात दाबला.

ल्यूकने बादली पुढे केली. बार्टलीचीच बादली होती ती, एका कडेला चेपलेली. शेडमधून सकाळी तिचाच आवाज आला होता. डेलियाने ती ओळखली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे चर्चला निघायच्या आधीच याचं सगळं ठरलं होतं, आणि आपण मात्र बाकावर बसून झुरत होतो. तिला त्याला एक चापट मारावीशी वाटली.

मग मिरवणूक निघाली. पुढे ल्यूक, हातात धुमसती बादली. त्याच्या मागे ओर्ला आणि विस्तवाचा मालक, जो गाढ झोपला होता. मग चिमटा घेतलेली फिलोमीना, चर्चची टोपी तशीच डोक्यावर. मग डेक्लन, बगलेत वाळकी टर्फ. डेलिया सगळ्यांच्या मागे. गवतात पिवळी फुलं आली होती आणि गाई मान वर करून बघत होत्या. दुसऱ्या शेताच्या फाटकाशी वारं सुटलं, तेव्हा फिलोमीनाने अंगावरचा चांगला कोट काढून बादलीच्या आडोशाला धरला.

"फिल, कोटाला वास लागेल," डेलिया म्हणाली.

"लागू दे. मी बार्टलीला एकदा नाचायला विचारलं होतं, माहितेय? नाही म्हणाला. विस्तव झाकायचाय म्हणाला." ती चालत राहिली. "तेव्हापासून मला हा विस्तव बघायचा होता."

डेलिया तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांचे टोमणे तिला एकदम वेगळे ऐकू आले. तिने पुढे होऊन कोटाचं दुसरं टोक धरलं.

बार्टलीच्या घरात डेलियाने जुनी राख सारून खाच केली. चिमट्याने एकेक निखारा ठेवला. भोवती टर्फच्या विटा उभ्या केल्या, वाकली आणि फुंकर घातली. आधी नुसता धूर झाला आणि सगळे खोकले. बाळ जागं झालं. मग विटेची एक कड लाल झाली, दुसरी झाली, आणि चुलीतून तो ओळखीचा बारीक आवाज आला. फिलोमीना बार्टलीच्या खुर्चीत बसली होती. टोपी तिने उचलून मांडीवर घेतली होती.

डेलियाने हात पुसले आणि बाळाला घेतलं. झग्यासकट त्याला उचलून तिने त्याचं तोंड चुलीकडे केलं. तो लाल झाला होता आणि वळवळत होता.

"कीगन," ती म्हणाली. तिने ते नाव त्याला पहिल्यांदाच लावलं. घशात काही अडकतं का, ते तिने पाहिलं. अडकलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाली, "कीगन, बघ. आजीने घालवलेला तू आणलास."

बाहेर कुणाची तरी चाहूल लागली. धुराड्यातून निघालेला धूर पॅकी हॅन्लीने हॅमची बशी हातात असताना ल्यूकच्या खिडकीतून पाहिला होता, आणि त्याला राहवलं नव्हतं. आता तो कुंपणावर रेलून, बशीसकट, मान लांब करून बघत होता.

"अरे, धूर कसा?" तो ओरडला. "कोण आहे त्या कीगनांच्या घरात?"

"कीगन आहे," डेलिया म्हणाली, आणि पोराला घेऊन दारात आली.